उदरपोकळीतील उत्स्फूर्त रक्तस्राव

अपघात, मार किंवा शस्त्रक्रिया असे काहीही घडलेले नसताना पोटाच्या पोकळीत रक्त साचण्याला उदरपोकळीतील उत्स्फूर्त रक्तस्राव म्हणतात. १९०९ मध्ये बार्बर यांनी प्रसूतिवेदना सुरू असलेल्या एका स्त्रीच्या पोटात असा रक्तस्राव आढळल्याची नोंद केली. पुढे या विकाराला ‘ॲब्डॉमिनल ॲपोप्लेक्सी’ हे नाव मिळाले. आता त्या नावाखाली मुख्यतः पोटातली एखादी रक्तवाहिनी आपोआप फुटल्याची विरळ उदाहरणे येतात.

प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांमध्ये गर्भनलिकेतला गर्भ किंवा अंडाशयातली सिस्ट (द्रवाने भरलेली गाठ) फुटणे, हे नेहमीचे कारण. म्हणून अशा प्रत्येक रुग्णेची गर्भधारणेची चाचणी आधी व्हायलाच हवी. इतरांमध्ये यकृताचा कर्करोग, हिवतापात सुजलेली प्लीहा (पाणथरी), रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा धमनीला आलेला फुगा यांचा विचार करतात. मुंबईत पावसाळ्यात हिवतापाचे रुग्ण वाढतात. तापाच्या रुग्णाच्या डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागले, तर प्लीहा फुटल्याची शंका घ्यावी.

निदान चुकते ते बहुधा पहिल्या तासांत. रक्त वाहून जाताना पेशी आणि द्रव दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे सुरुवातीचे हिमोग्लोबिन चांगले येऊ शकते. तरुण माणसाचा रक्तदाब जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकतो. नाडी मात्र आधीच वेगाने चालू लागते. आडवे झाल्यावर खांदा दुखणे ही खूण विशेष मोलाची आहे, कारण श्वासपटलाला रक्त लागले की कळ खांद्यात जाणवते. प्लीहेच्या धमनीचा फुगा काही वेळा दोन टप्प्यांत फुटतो. आधी जठरामागच्या छोट्या पोकळीत रक्त साचते, दाबाने थांबते, रुग्ण सावरल्यासारखा दिसतो आणि मग ते मोठ्या पोकळीत उसळते. या मधल्या वेळेत रुग्णाला घरी पाठवणे घातक ठरते.

खाटेजवळच्या सोनोग्राफीत यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधल्या खाचेत साचलेल्या रक्ताचा काळा पट्टा दिसतो. सीटी स्कॅनमध्ये सर्वांत दाट गुठळी बहुधा रक्तस्रावाच्या उगमाजवळ असते. रक्तवाहिन्या ठळक दाखवणारा डाय नसेतून दिल्यावर तो झिरपताना दिसला, तर जागाच सापडते. पण रक्तदाब सावरत नसलेल्या रुग्णाला स्कॅनसाठी नेऊ नये. त्याला थेट शस्त्रक्रियागृहात न्यावे.

तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट यांचा समतोल राखून रक्त चढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवतात. रुग्ण स्थिर असेल तर जांघेतल्या धमनीतून नळी घालून फुटलेली वाहिनी कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) बंद करतात. नाहीतर पोट उघडावे लागते. शल्यचिकित्सक पोटाच्या चारही भागांत पॅक (कापडाच्या घड्या) भरून रक्तस्राव आटोक्यात आणतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब सावरतात आणि मग एकेक पॅक काढत उगम शोधला जातो. काही रुग्णांत तो सापडतच नाही. त्यांची पुढे अँजिओग्राफी करावी. प्लीहा काढावी लागल्यास न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी साधारण १४ दिवसांनी देतात.