कपाशीची धूळ आणि कपातलं फुफ्फुस

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात शिरा, पाच मिनिटांत भुवया पांढऱ्या होतात. जिनावर कापूस टाकणाऱ्या बाया नाकातोंडावर पदर गच्च बांधून असतात आणि पाळी सुटली की हातावर गुळाचा खडा पडतो. ‘गूय खाय, धूय उतरी जाई.’ घशातली धूळ पोटात उतरतही असेल. छातीत गेलेली काय करते, हे मात्र बरीच वर्षं कामगाराच्या खोकल्यावरूनच ओळखावं लागलं.

धान्य चाळणाऱ्यांच्या छातीचे हाल रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० सालच्या आसपासच लिहून ठेवले होते. कापसाची पाळी पुढे आली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. इथली रुई मुंबईहून इंग्लंडमधल्या लँकेशायरला जाऊ लागली आणि रुईबरोबर तिच्यातला पाचोळाही गेला. त्याच लँकेशायरच्या गिरण्यांत १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी कामगारांना एक साधा प्रश्न विचारला: सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती दाटते का? बिसिनोसिस या कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराच्या पायऱ्या त्यांनी याच प्रश्नावर बसवल्या. पहिल्या पायरीवर फक्त सोमवारी त्रास, पुढे आठवडाभर आणि शेवटी कायमचं अधूपण. पद्धत बिनतोड होती, पण तिच्यात मोजमापाचं यंत्र म्हणजे माणूसच होता.

मग उंदीर आले. बंद पेटीत धूळ सोडायची, महिनोन्‌महिने त्यांना तिच्यात ठेवायचं आणि शेवटी फुफ्फुस कापून बघायचं. यात अडचणी पुष्कळ. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, धापा टाकत तोंड उघडणाऱ्या हमालासारखा नाही. शिवाय अतोनात धुळीने त्याचं फुफ्फुस तुंबतं आणि त्यात गाठी होतात. काजळी आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत असं दिसल्यावर, हे माणसाला लागू करायचं की नाही यावर शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले. गुळाचीही परीक्षा उंदरांवरच झाली. १९९४ साली लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राने छापलेल्या प्रयोगात, गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून कोळशाचे कण शेजारच्या लसिका ग्रंथींकडे (शरीरातला कचरा गाळणाऱ्या गाठींकडे) जास्त सरकलेले दिसले. आमच्या मुकादमाला हे कळलं असतं तर त्याने गुळाबरोबर भाषणही दिलं असतं.

दरम्यान प्रयोगशाळेत पेशी वाढवणं सोपं झालं होतं. १९७२ साली एका ५८ वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीतून ए-५४९ नावाची पेशींची ओळ, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणारा पेशींचा वंश मिळाला. ती स्वस्त, दणकट आणि भराभर वाढणारी, त्यामुळे आजही जगभर वापरात आहे. पण या पेशी पोषक द्रवात बुडवून ठेवतात. धूळ त्या द्रवात टाकली की कणांचे गोळे होतात, त्यांच्यावर प्रथिनांचं आवरण चढतं, जड कण तळाशी बसतात आणि हलके वरच तरंगत राहतात. पेशीपर्यंत पोचले किती? हिशेब चुकतो. शिवाय फुफ्फुस काही पाण्यात बुडून श्वास घेत नाही.

खरी युक्ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस जमली, आणि ती ऐकायला अगदी घरगुती वाटते. प्लास्टिकचा बोटभर कप घ्यायचा, त्याचा तळ बारीक छिद्रांच्या पडद्याचा. पडद्यावर माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशी पसरायच्या. थर जमला की वरचा द्रव काढून टाकायचा. अन्न खालून झिरपतं, वर नुसती हवा. हवा लागताच पेशी आपलं मूळ काम आठवल्यासारख्या वागू लागतात. तीन-चार आठवड्यांत काहींवर सूक्ष्म केस उगवतात, काही शेंबडासारखा चिकट द्रव सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वाऱ्याने बाजरीचं शेत हलावं तसे ते केस एका लयीत हलतात आणि वरचा चिकट थर पुढे ढकलतात. आता धूळ हवेतूनच, धुक्यासारखी वरून पाडता येते. पेशींच्या थराचा विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरला तर थराला भोकं पडली समजायचं, आणि खालच्या द्रवात दाहाचे रेणू वाढले तर पेशी चिडल्या.

२०१० साली हार्वर्डच्या व्हीस इन्स्टिट्यूटमध्ये डॅन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. छोट्या पट्टीसारख्या चिपवरच्या दोन बारीक वाटांमध्ये लवचिक पडदा, त्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. कडेच्या पोकळ्यांतली हवा ओढून पडदा श्वासासारखा ताणला जातो. सिलिकाचे १२ नॅनोमीटरचे कण टाकल्यावर पेशी जास्त चिडल्या त्या पडदा हलत असताना. मला या सगळ्या इतिहासातला हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. स्थिर पेशींनी धुळीचा त्रास कमी दाखवला असता, आणि अंगमेहनत करणाऱ्याची छाती तर दिवसभर भात्यासारखी हलत असते.

जिनिंगच्या धुळीसाठी मात्र नुसता हा पेशींचा थर पुरणार नाही. या धुळीत मुख्य संशयित कापसाचा धागा नाहीच. वाळक्या पाचोळ्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष हे खरं दुखणं, आणि त्यावर आधी धावून जातात त्या कण गिळणाऱ्या रक्षक पेशी. त्या कपात वेगळ्या सोडाव्या लागतात. सोमवारचा प्रश्न विचारायचा तर तो थर आठवडेच्या आठवडे जगवून, सहा दिवस धूळ आणि सातव्या दिवशी सुट्टी द्यावी लागेल. गुळाचा प्रश्न तर त्याला विचारताच येत नाही, कारण कपाला ना पोट असतं, ना लसिका ग्रंथी.