अहो ओरडू नका, समोर येऊन बोला

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताना आपण सगळे हमखास एकच गोष्ट करतो, आवाज चढवतो. एकदा "काय?" आलं की थोडा, दुसऱ्यांदा आलं की शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल एवढा, आणि तिसऱ्यांदा "जाऊदे, काही नाही" म्हणून विषयच संपवतो. मग तो माणूस चिडतो, "ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी!" आणि घरातले एकमेकांकडे बघून हसतात, कारण आत्ता दोन मिनिटांपूर्वी तर बाबांना काहीच ऐकू येत नव्हतं. बाबा मात्र अगदी खरं बोलत असतात. हळू बोललेलं ऐकू न येणं आणि ओरडलेलं सहन न होणं ह्या दोन्ही गोष्टी एकाच कानात एकाच वेळी असू शकतात, आणि असं का होतं हे कळलं ना की ह्या त्रासाबद्दलचे निम्मे गैरसमज जातात.

आवाज आत शिरला की कानाचा पडदा हलतो, त्यामागची हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं हलतात (रिकीब शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम 3 मिलीमीटर) आणि ती हालचाल जाते कॉक्लियामध्ये. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातली साधारण अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली नळी, उलगडली तर साडेतीन सेंटीमीटर भरेल. ह्या नळीत एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर जागा वाटून दिलेल्या आहेत, तोंडाशी उंच पट्टीचे आवाज, आत टोकाला खर्जातले. हे शोधून काढलं जॉर्ज फॉन बेकेशी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञाने, मेलेल्या माणसांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली बघून बघून, आणि त्याला 1961 चं नोबेल मिळालं. त्या पट्टीवर केसपेशी बसलेल्या असतात, एका कानात आतल्या बाजूच्या साडेतीन हजाराच्या आसपास आणि बाहेरच्या बाजूच्या बारा हजाराच्या आसपास. बस्स एवढंच भांडवल, आणि ते जन्मभर पुरवायचं, कारण पक्ष्यांमध्ये ह्या पेशी मेल्या तर परत उगवतात, माणसाच्या गेल्या की गेल्या.

वय झालं की, किंवा वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात नाहीतर डीजेच्या भिंतीपुढे काढली की, ह्या पेशी मरायला लागतात आणि त्याची सुरुवात बहुतेकदा उंच पट्टीच्या बाजूने होते. आता बोलण्यातली ताकद असते स्वरांत, आ, ओ, ऊ वगैरे, ते सगळे खालच्या पट्टीत आणि दणदणीत. पण शब्द ओळखू येतो व्यंजनांवरून, आणि स, श, फ, ट असली व्यंजनं म्हणजे वरच्या पट्टीतली बारीकशी फुसफुस. त्यामुळे स्वयंपाकघरातून कोणी "ताक देऊ का" म्हटलं तर आजोबांना "ता" नीट ऐकू येतो, पुढचं विरून जातं. ते ताक होतं, ताट होतं, तास होता की ताप होता हे त्यांना अंदाजाने ठरवायला लागतं, आणि ते "नाही, आज बरं वाटतंय" असं उत्तर देतात. सगळे हसतात. म्हणून अशा माणसांची नेहमीची तक्रार असते, आवाज येतोय रे पण कळत नाहीये, आणि घरच्यांना वाटतं हे नाटक आहे, ह्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं!

पेटीच्या उजव्या हाताच्या पट्ट्या नादुरुस्त झाल्या असतील तर भाता कितीही जोरात हाणला तरी त्या वाजत नाहीत, फक्त डावीकडच्या अजून मोठ्याने बोंबलतात. ओरडल्यावर हेच होतं. वर ओरडताना आपण स्वरच ताणतो, "ताआआक", व्यंजन होतं तेवढंच राहतं, आणि चेहरा असा होतो की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर कोणीतरी खेकसतंय.

आता सहन न होण्याचं. बाहेरच्या ज्या बारा हजार केसपेशी आहेत त्यांचं काम मला सगळ्यात भारी वाटतं, कारण त्या आवाजाबरोबर स्वतः लांब-आखूड होतात, अक्षरशः नाचतात म्हणा ना, आणि बारीक आवाज आतल्या आत मोठा करतात. मोठ्या आवाजाला त्या ही मदत करत नाहीत, त्याला गरजच नसते. ह्या पेशी गेल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाही पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो, म्हणजे "ऐकू येत नाही" आणि "कान फाटला" ह्यातलं अंतरच उरत नाही. बाबा चिडतात ते ह्यामुळे.

ह्याच पेशींच्या नाचण्यामुळे निरोगी कान स्वतःसुद्धा अगदी बारीक आवाज काढतो आणि तो मायक्रोफोनने पकडता येतो, हे डेव्हिड केम्प ह्यांनी 1978 साली लंडनमध्ये दाखवलं. एक दिवसाच्या बाळाला कुठे विचारणार ऐकू येतंय का, तर बाळ झोपलेलं असताना कानात छोटंसं बोंडूक बसवून टकटक आवाज सोडतात आणि कान उत्तर देतो का ते बघतात, काही मिनिटांत काम. ही ओएई तपासणी पहिल्या महिन्यात, गडबड वाटली तर पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि कानाचं मशीन वगैरे उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू, असं तज्ज्ञ सांगतात, कारण भाषेसाठी मेंदू सगळ्यात तयार असतो तो ह्याच सुरुवातीच्या काळात. आपल्याकडे काय होतं, पाठीमागे स्टीलचं ताट वाजवतात, बाळ दचकलं की झालं, ऐकू येतंय. ताटाचा दणका मोठा असतो, कमी ऐकू येणारं बाळसुद्धा त्याला वळतं. मग दोन-अडीच वर्षं "ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला" ह्यात जातात.

आकड्यांचं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात 43 कोटी लोकांना कानासाठी काही ना काही मदतीची गरज आहे. आपल्या 2011 च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलं गेलं सुमारे 50 लाखांचं, पण घरी येऊन कोणी विचारलं की "आमच्या आईला ऐकू येत नाही" हे किती घरं सांगतात? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत, त्यात दोन्ही कानांनी 60 ते 70 डेसिबल कमी ऐकू येत असेल तर कमी ऐकू येणारा आणि 70 किंवा जास्त असेल तर बहिरा अशी व्याख्या आहे. म्हणजे 50 डेसिबल गेलेल्या माणसाला कागदोपत्री काहीच झालेलं नसतं, आणि तोच माणूस ऑफिसच्या मीटिंगमध्ये निम्मं ऐकून निम्मं जुळवत बसलेला असतो, संध्याकाळी घरी येतो तेव्हा डोकं पार आउट झालेलं असतं. पांढरी काठी दिसते, व्हीलचेअर दिसते, हे दिसत नाही, त्यामुळे लोक म्हणतात शिष्ट आहे, हाक मारली तरी बघत नाही.

मशीनबद्दल पण बोलायला हवं. चष्म्याची कोणाला लाज वाटत नाही, उलट फ्रेम निवडायला आपण अर्धा तास घालवतो, पण कानाचं मशीन म्हटलं की म्हातारपण आलं, आणि मुलगी लग्नाची असेल तर केस मोकळे सोड म्हणजे दिसणार नाही. चष्मा घातला की त्याच मिनिटाला स्पष्ट दिसतं, मशीनचं तसं नसतं ही अडचण आहेच. पहिल्या दिवशी पंखा घरघरतो, नळ अंगावर येतो, पेपरची घडी कडकड वाजते, स्वतःचाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा येतो. हे आवाज मेंदू विसरलेला असतो आणि त्यातला नको तो बाजूला टाकायला शिकायला त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. इथेच बहुतेक मशीन कपाटात जातात. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, दोन-तीनदा जाऊन सेटिंग करून घ्यावं लागतं, कारण चांगलं डिजिटल मशीन बारीक आवाज जास्त वाढवतं आणि मोठा कमी, तेही तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे (कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख), जो पट्टा गेलाय तिथे. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते नुसते आवाज वाढवणारे डबे सरसकट सगळंच मोठं करतात, म्हणजे बाबांवर चोवीस तास ओरडणं. ते घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. मशीनच्या बटणासारख्या सेलवर जो रंगीत स्टिकर असतो तो काढला की आत हवा जाते आणि हवेतल्या ऑक्सिजनवर तो सेल चालतो, त्यामुळे स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल घालायचा, आणि जास्तीच्या सेलचे स्टिकर आधीच काढून ठेवायचे नाहीत, नाहीतर ते नुसते पडून उतरतात. मशीन शिट्टी मारायला लागलं तर बऱ्याचदा साचा (मशीनचा कानात बसणारा भाग) नीट बसलेला नसतो नाहीतर कानात मळ असतो.

ऐकू कमी येणं आणि विसरभोळेपणा ह्यांचं नातं हल्ली खूप फॉरवर्ड होतं, त्यात तथ्य आहे पण जपून. 2023 साली अमेरिकेतल्या 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवरच्या अभ्यासाचे निकाल आले, तीन वर्षांनी सगळ्यांचं एकत्र बघितलं तर मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत काही फरक पडला नव्हता, मात्र ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. तर मशीन घातलं की डिमेन्शिया होत नाही असं कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका, पण माणसांत बसणं सुटलं की माणूस खचतो हे कळायला अभ्यास लागत नाही.

जन्मतः बहिऱ्या माणसांचं जग थोडं वेगळं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्यात काही कमी आहे असं वाटतही नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, मराठी वाक्य हातांनी करून दाखवणं म्हणजे ती भाषा नव्हे, आणि तिचा दहा हजार शब्दांचा कोश 2021 मध्ये आलाय. "ओठ वाचतात की ते" असं आपण सहज म्हणतो, पण आरशासमोर आवाज न काढता पान, बाण, मान म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात, आणि क-ग तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर काही दिसतच नाही. तरी तेवढ्या दिसण्याचाही आधार मोठा असतो हे कोविडमध्ये कळलं, मास्कने ओठ झाकले आणि वरच्या पट्टीतला आवाजही खाल्ला, वर बँकेच्या काउंटरला प्लॅस्टिकचा पडदा, आणि आतून आवाज, "आजोबा, एकदा सांगितलं ना!"

तर बोलायच्या आधी टीव्ही बंद करा, मिक्सर थांबू द्या, दुसऱ्या खोलीतून बोलू नका, समोर या, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहा, म्हणजे खिडकीकडे पाठ करून नको. नाव घेऊन लक्ष वेधा आणि मग नेहमीच्याच आवाजात थोडं सावकाश बोला, आणि नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न घोकता वेगळ्या शब्दांत सांगा, "ताक" नाही लागला तर "जेवणावर ताक प्यायचंय का" म्हणा, मागच्यापुढच्या शब्दांवरून बरोबर लागतं. लग्नात त्यांना स्पीकरपासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवा. मोबाइलवर बोललेलं मराठीत टाइप होऊन दिसतं ती सोय फुकट आहे, ती त्यांच्या फोनमध्ये सुरू करून द्या. आणि औषधाचं प्रमाण, तारीख, वेळ असे आकडे मात्र कागदावर लिहूनच द्या, कारण सात, साठ आणि आठ ह्यात त्यांच्या कानाला नुसता "आ" येतो, फोनवर सांगितलं असेल तर लगेच खाली एक मेसेज टाका.