सभागृहातला पडदा आणि पेट घेणारी फीत

फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या, पडद्यावर चलच्चित्रे दाखवणाऱ्या यंत्राचे खेळ 1896 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी 7 जुलैला ते मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडच्या उपनगरांतील आणि लहान शहरांतील सार्वजनिक सभागृहांत गाणी, नकला, जादूचे प्रयोग यांच्या जोडीने चलच्चित्रे दाखवली जाऊ लागली. या मिश्र कार्यक्रमाचे श्रेय केवळ प्रेक्षकांच्या आवडीला देणे मला अपुरे वाटते, कारण त्याची घडण बऱ्याच अंशी यंत्राच्या मर्यादांनी ठरवली होती.

ल्युमिए यांची फीत सुमारे 17 मीटर लांबीची असे आणि सेकंदाला 16 चित्रे या गतीने ती जेमतेम 50 सेकंदांत संपे. शिवाय एक चित्र सरकून दुसरे जागेवर येईपर्यंत शटर प्रकाश अडवत असे. सेकंदाला 16 वेळा होणारी ही उघडझाप डोळ्यांना स्पष्ट जाणवते आणि थकवते. पुढे शटरला तीन पाती आली, प्रत्येक चित्र तीनदा उजळू लागले आणि 48 उघडझापांमुळे लुकलुक बरीच कमी झाली. तोवर मात्र चित्रांच्या मधे एखादे गाणे असणे ही डोळ्यांचीही गरज होती.

खरा धोका प्रकाशात आणि फितीत होता. जिथे वीज नव्हती तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन किंवा दगडी कोळशाचा वायू यांची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडत. चुना 2,000 अंश सेल्सिअसच्याही वर तापला तरी वितळत नाही, उलट लख्ख पांढरा प्रकाश देतो. त्या प्रकाशाच्या झोतापुढून जाणारी फीत सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे रासायनिकदृष्ट्या बंदुकीच्या कापसाच्या (गनकॉटन या स्फोटकाच्या) कुळातली होती. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे ती हवेवाचून, अगदी पाण्याखालीही जळत राहते आणि जळताना नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे सोडते. हँडल फिरवणारा हात थबकला की झोतापुढचे चित्र पेट घेऊ शके, आणि अनेक यंत्रांत दाखवून झालेली फीत गुंडाळली न जाता खालच्या टोपलीत मोकळी पडत असे.

पॅरिसमध्ये 4 मे 1897 रोजी एका धर्मादाय बाजारातील चित्रपटाच्या खेळात प्रक्षेपकाच्या दिव्यातील ईथर या ज्वालाग्राही द्रवाने पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. इंग्लंडमधील बार्न्सली येथील सार्वजनिक सभागृहात 11 जानेवारी 1908 रोजी 16 मुले दगावली, पण तिथे आग लागलीच नव्हती. भरलेल्या गॅलरीतून खाली पाठवलेली मुले जिन्यात चेंगरली. इमारतीची रचनाही यंत्राइतकीच घातक ठरू शकते, हे तेव्हा फार क्रूरपणे दिसून आले.

ब्रिटिश संसदेने 1909 मध्ये केलेला सिनेमॅटोग्राफ कायदा 1 जानेवारी 1910 पासून लागू झाला. त्यानुसार ज्वालाग्राही फितीच्या खेळांसाठी परवाना आणि प्रक्षेपकाभोवती अग्निरोधक खोली आवश्यक झाली. अशी खोली बांधणे अनेक सभागृहांना सोयीचे नव्हते आणि हळूहळू खास चित्रपटगृहांनी त्यांची जागा घेतली. कायद्याचा रोख मात्र केवळ ज्वालाग्राही फितीवर होता. म्हणूनच 1923 मध्ये कोडॅकने 16 मिलिमीटरची फीत सहजी न पेटणाऱ्या सेल्युलोज ॲसिटेटवर आणली, तेव्हा शाळांत आणि सभागृहांत अशा खोलीवाचून चित्रपट दाखवण्याची वाट मोकळी झाली.