बार (इंग्रजी शब्द)

बार हा इंग्रजीतील रोजच्या वापराचा छोटा शब्द असून दांडा, अडथळा, वकीलवर्ग, मद्यगृह आणि दाबाचे एकक असे त्याचे अनेक अर्थ आहेत. यांपैकी शेवटचा सोडला तर बाकीचे सारे एकाच मुळातून फुटले आहेत. मध्ययुगीन लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ दार आतून बंद करण्यासाठी आडवा घालायचा दांडा, म्हणजे आपला अडसर. अडसर या मराठी शब्दालाही दाराचा दांडा आणि कामातली आडकाठी असे दोन्ही अर्थ असल्यामुळे इंग्रजी शब्दाची पुढची वाट मराठी वाचकाला सहज उमगते.

लंडनमधील कायदेशिक्षणाच्या जुन्या संस्थांच्या दालनात ज्येष्ठ सदस्यांची बैठक एका आडव्या कठड्याने वेगळी केलेली असे. पुरेशी तयारी झालेल्या विद्यार्थ्याला त्या कठड्याशी बोलावून अभिरूप वादात भाग घेऊ देत. बॅरिस्टर हा शब्द या कठड्यावरूनच आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इन या अशाच संस्थेतून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे कठड्याचे नाव सगळ्या वकीलवर्गाला लागले आणि भारतात १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने स्थापन झालेल्या बार कौन्सिलच्या नावात ते कायम राहिले. मद्यगृहाची कथाही अशीच आहे: गिऱ्हाईक आणि पेये यांच्यामध्ये असलेल्या आडव्या फळीचे नाव सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या जागेला मिळू लागले. संगीताच्या स्वरलेखनातील उभी रेघ, साबणाची लांबट वडी आणि नदीच्या मुखाशी साचणारा वाळूचा दांडा यांनाही हाच शब्द लावतात.

दाबाचे एकक असलेला बार मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. तो वजन या अर्थाच्या 'बारोस' या ग्रीक शब्दापासून घडवला असून बॅरोमीटर त्याचाच भाऊबंद होय. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल. समुद्रसपाटीवरील हवेचा सरासरी दाब १.०१३२५ बार, म्हणजेच चक्रीवादळाच्या बातम्यांत येणाऱ्या एककात १०१३.२५ मिलिबार भरतो. या ग्रीक शब्दाचे आणि संस्कृत 'गुरु' शब्दाचे मूळ एकच आहे. गुरु म्हणजे आधी जड आणि मग आदरणीय, हे लक्षात घेतले की हे नाते विशेष लोभस वाटते.

बंदुकीचा बार किंवा लग्नाचा बार उडवणे यांतील मराठी शब्दाचा या दोन्ही घराण्यांशी संबंध नाही.