चंद्रपूरचं रक्त आणि एव्हरेस्टची हवा

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केलं. आदिवासी विकास विभागाची ती ‘मिशन शौर्य’ मोहीम. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, त्या जिल्ह्यातली ही पोरं ८,८४८ मीटरवर जाऊन उभी राहिली आणि आमच्याकडच्या तरुणांच्या तोंडी बेस कॅम्प, समिट, शेर्पा हे शब्द बसले. राजुरा तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी त्यांतलाच. दिवसा बी-बियाणं विकतो, घरची पऱ्हाटी बघतो आणि मनात सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं मोजत असतो. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमधून बेसिक कोर्स केला, मग मनालीजवळच्या ५,२८९ मीटर उंचीच्या फ्रेंडशिप शिखरावर जाऊन आला. परत आल्यावर त्यानं मला विचारलं, “सर, पाय त मस्त चालते, पण दमच पुरत नाही. काहून?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर फुप्फुसापासून मूत्रपिंडापर्यंत आणि हवामानापासून जनुकांपर्यंत जातं. शिवाय विदर्भातल्या माणसासाठी त्यात एक गोष्ट अशी आहे, जी पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकाला सहसा कुणी विचारत नाही.

आधी हवेचा हिशेब. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असं सर्रास म्हटलं जातं, पण ते खरं नाही. बल्लारपूरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास आहे, एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, म्हणून इथे तो ७४० च्या आसपास. लेहला सुमारे ५००, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला ४०० च्या जवळपास आणि माथ्यावर २५३. हा शेवटचा आकडा अंदाजाचा नाही. १९८१ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संशोधन मोहिमेतले डॉ. क्रिस पिझ्झो दाबमापक घेऊन माथ्यावर गेले आणि त्यांनी तो मोजला.

त्यापुढचं गणित आणखी कठोर आहे. श्वासाबरोबर आत जाणारी हवा श्वासनलिकेतच ओली होते आणि शरीराच्या तापमानाला त्या बाष्पाचा दाब ठरलेला असतो: ४७ मिलिमीटर. तुम्ही कितीही उंच जा, हे ४७ सुटत नाहीत. चंद्रपुरात ७४० मधून ४७ वजा केले की ६९३ उरतात, त्यातले सुमारे १४५ ऑक्सिजनच्या वाट्याला येतात. माथ्यावर २५३ मधून ४७ गेले की उरले २०६, आणि त्यात ऑक्सिजनचे फक्त ४३. खाली जे बाष्प किरकोळ होतं, ते वर एकूण दाबाचा जवळपास पाचवा हिस्सा अडवून बसतं.

रक्तापर्यंत त्यातलं किती पोचतं? २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका चमूनं माथ्यावरून उतरताना, ८,४०० मीटरवर, एकमेकांच्या मांडीतल्या धमनीतून रक्त काढलं. सखल भागातल्या निरोगी माणसाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब ८० ते १०० मिलिमीटर असतो. या चौघांची सरासरी निघाली २४.६. एवढा आकडा एखाद्या रुग्णाचा आला, तर तो शुद्धीवर असेल असं कुठल्याच डॉक्टरला वाटणार नाही. ही माणसं मात्र शुद्धीवर होती, बोलत होती, आपल्या पायांनी खाली येत होती.

१८७५ साली ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच माणसं काही तासांत आठ हजार मीटरच्या वर गेली. तिघांचीही शुद्ध हरपली. बलून आपोआप खाली आलं तेव्हा एकटे गॅस्तों तिसांदिए जिवंत होते. त्यानंतर १०३ वर्षांनी, ८ मे १९७८ रोजी, राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर सिलिंडरशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर चालत पोचले. उंची त्याहूनही जास्त, शरीर माणसाचंच. मधला मोठा फरक आहे तो आठवड्यांचा. बलूनवाल्यांच्या शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला काही तास मिळाले, मेसनर-हाबेलरच्या शरीराला कित्येक आठवडे.

आमच्याकडे २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. गावात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एव्हरेस्टची बहुतेक चढाई मात्र याच मे महिन्यात होते, आणि तो योगायोग नाही. हिवाळ्यात हिमालयाच्या माथ्यावरून प्रचंड वेगानं वाहणारा जेट प्रवाह मेच्या अखेरीकडे उत्तरेला सरकतो, वर वारा पडतो आणि मोसमी पाऊस पोचेपर्यंत थोडे दिवस मोकळे मिळतात. दुसरं कारण मला जास्त आवडतं. उपखंड तापतो, तशी त्यावरची हवा फुगून वर उचलली जाते. त्यामुळे ८,८४८ मीटरच्या वरही हवेचा साठा हिवाळ्यापेक्षा जास्त असतो आणि माथ्यावरचा दाब जानेवारीच्या तुलनेत साधारण दहा मिलिमीटरनं वाढतो. ऑक्सिजनच्या हिशेबात ते दोनच मिलिमीटर, पण एकूण ४३ असताना दोनला किंमत आहे. विषुववृत्ताकडे हवेचा थर मुळातच जाड असतो. एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला आहे म्हणून तिथे २५३ मिळतात. तोच डोंगर अलास्कातल्या डेनालीच्या अक्षांशावर, ६३ अंशांवर असता, तर सिलिंडरशिवाय तो बहुधा कुणालाच चढता आला नसता, असं शास्त्रज्ञ मानतात. ज्या उन्हानं नवतप्यात आमचा जीव जातो, त्याच मोसमाच्या उष्णतेवर वर लोक श्वास घेत असतात.

आता शरीराकडे वळू. उंचीवर पोचल्याबरोबर मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी असलेली छोटी संवेदक केंद्रं रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं ओळखतात आणि श्वास जोरात सुरू होतो. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. ही ओढाताण रात्री सगळ्यांत स्पष्ट दिसते. झोपलेला माणूस मोठमोठे श्वास घेतो, मग श्वास पार थांबतो, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि अचानक धाप लागल्यासारखा तो पुन्हा सुरू होतो. माझ्या विद्यार्थ्यानं तंबूतल्या जोडीदाराला एकदा मध्यरात्री गदागदा हलवून उठवलं होतं. “मले वाटलं, गेला हा,” तो सांगत होता. जोडीदार धडधाकट होता. त्या उंचीवर बहुतेकांचा श्वास असाच चालतो. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं रक्तातलं अल्कधर्मी बायकार्बोनेट लघवीतून काढून टाकतात, तेव्हा हा लगाम सैल होतो. गिर्यारोहक डायमॉक्सची गोळी घेतात ती मूत्रपिंडांचं हेच काम लवकर व्हावं म्हणून. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

रक्ताचं वागणं विदर्भातल्या माणसाला समजायला सोपं जावं. होळीनंतर पहिलं ऊन डोक्यात जातं, वैशाखात तेच ऊन सोसत माणूस शेतात राबतो. त्यामागे रक्तातल्या द्रवाचा, प्लाझ्माचा मोठा हात आहे. उन्हात आठवडाभर काम केलं की प्लाझ्मा वाढतो, घामाला पाणी मिळतं, हृदयावरचा ताण उतरतो. उंचीवर नेमकं उलटं होतं. पहिल्या काही दिवसांतच प्लाझ्मा घटतो आणि रक्त दाट होतं. लाल पेशी तेवढ्याच, पण द्रव कमी, म्हणून प्रत्येक थेंबात हिमोग्लोबिन जास्त. ही तात्पुरती सोय. खरी भर पडायची ती मूत्रपिंडातून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिनमुळे. हे संप्रेरक काही तासांतच वाढू लागतं, पण अस्थिमज्जेत नव्या पेशी तयार होऊन रक्तात भरीव फरक पडायला दोन-तीन आठवडे आणि त्याहून अधिक लागतात. त्याला घाई चालत नाही.

म्हणून त्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मी असं दिलं: नहराच्या काठानं पहाटे धावून आणि पाठीवर खताची गोणी घेऊन माणिकगडच्या डोंगरात चढून पाय तयार होतात, हृदय तयार होतं, पण रक्ताला उंचीची खबर लागत नाही. हे जुळवून घेणं साधारण २,५०० मीटरच्या पुढे ठळकपणे सुरू होतं. मेळघाटातलं वैराट अकराशे मीटरच्या थोडं वर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्याकडे हा सराव करायला जागाच नाही; तो डोंगरावर जाऊनच करावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात.

आणि शेतकऱ्याकडे नेमके दिवसच नसतात. मे-जूनमध्ये मृग लागायच्या आत परत यायचं, कारण पेरणी कुणासाठी थांबत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला आलेलं, पाठोपाठ कापसाची वेचणी. मग दहा दिवसांचा कार्यक्रम सहा दिवसांत बसवायचा मोह होतो, आणि माझ्या मते हौशी गिर्यारोहकाला सगळ्यांत मोठा धोका कड्याकपारींपेक्षा याच मोहाचा आहे. तीन हजार मीटरच्या वर, झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवायचा, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम. तो मोडला तर डोकेदुखी आणि मळमळ ही सुरुवात असते. पुढे फुप्फुसात पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते. बसल्या जागी धाप लागणं, चालताना झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं की त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरायचं. दुसरा कुठलाच उपाय उतरण्याची जागा घेऊ शकत नाही.

आता ती विदर्भाची गोष्ट. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, अमरावतीचा मेळघाट, या सगळ्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही हे जनुक आलं तर माणूस सिकलसेलग्रस्त. एकाकडूनच आलं तर वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, पोलीस भरतीत धावतो, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. पण सिकल हिमोग्लोबिनचा स्वभावच असा, की ऑक्सिजन कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. ऑक्सिजन कमी करणं हेच तर उंचीचं काम. सिकलसेलग्रस्तानं म्हणूनच उंचावर जायचं नसतं. वाहकांपैकी बहुतेकांना काही होत नाही, पण थोड्या जणांमध्ये प्लीहेत, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या पाणथरीत, रक्त अडकून तिचा काही भाग निकामी होतो. अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत, त्याही एरवी ठणठणीत असलेल्या तरुणांच्या. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र कळ हे त्याचं लक्षण. आपण वाहक आहोत हे माहीत असेल तर माणूस त्या कळेला पोटदुखी समजून गोळी खात बसत नाही, खाली उतरतो.

या जनुकाला वाईट म्हणायला मी तयार नाही. वाहकांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. डासांच्या जंगलात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांमध्ये ते टिकलं, कारण त्यानं लेकरं वाचवली. तिबेटी आणि शेर्पा लोकांच्या पूर्वजांपुढे संकट वेगळं होतं, म्हणून त्यांच्यात टिकलं ते वेगळं. ईपीएएस-१ या जनुकाच्या त्यांच्यातल्या खास रूपामुळे उंचीवर राहूनही त्यांचं हिमोग्लोबिन बेताचंच राहतं, रक्त फार दाट होत नाही. हे रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलं असावं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. ज्या शेर्पाच्या मागोमाग आपला पोरगा दोर धरून चढतो, त्या दोघांच्या रक्तात दोन वेगवेगळ्या मुलखांचा इतिहास आहे.

सिकलसेलची पहिली तपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, अगदी साधी. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन परीक्षानळीतल्या द्रावणात टाकतात आणि थोड्या वेळानं नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. द्रावणातून रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर आहे. पण माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते, आणि गिर्यारोहणाच्या अर्जाआधी ती करून घ्यायलाच हवी.

त्याच सुईच्या टोचणीत हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही बघून घ्यावं. नव्या लाल पेशींना लोह लागतं, आणि देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं दाखवलं. आमच्या गावातल्या मुलीही आता बेसिक कोर्सची माहिती विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी विचारतो, रक्त तपासलं का? लोहाचा साठा गोळ्यांनी भरून निघतो, पण त्याला दोन-तीन महिने जातात. जूनमध्ये डोंगरावर जायचं असेल तर रक्त फेब्रुवारीतच तपासलेलं असावं.