पार्श्वभूमी : चंदगडची गाय 'परराज्यातली' कधी झाली?

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी या गुरांच्या त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद झाले, सीमेवर नाके बसले आणि 'परराज्यातील जनावरे' हे शब्द बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत थेट दावणीपर्यंत येऊन पोचले. तोवर इथे परराज्यातलं जनावर म्हणजे हरियाणाची मुऱ्हा म्हैस, गुजरातची जाफराबादी. चंदगडकडून बेळगावच्या बाजाराला आलेली गाय त्यात कुणी धरत नव्हतं. धरणार तरी कशी? चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडलं गेलं. माणसांच्या सोयरिकी तुटल्या नाहीत, तसे गुरांचे व्यवहारही नाहीत. पुढचं सीमाप्रश्नाचं राजकारण वाचकांना तोंडपाठ आहे, ते इथे नको.

जनावर बाहेरून आणण्याला 'आयात' हा शब्द कायद्यात आला तो परदेशातून येणाऱ्या जनावरांसाठी. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याने रोगाची भीती असलेलं जनावर देशात शिरण्याआधीच अडवायचा अधिकार सरकारला दिला. २००१ मध्ये दूध-मांसासारखे पशुजन्य पदार्थही त्याच्या कक्षेत आले. देशातल्या देशात मात्र मामला वेगळा. संविधानाने जनावरांच्या रोगांचा बंदोबस्त राज्यांकडे सोपवला, आणि रोग एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये ही जबाबदारी समवर्ती सूचीत घातली. मुंबईचा जनावरांच्या रोगांबाबतचा कायदा १९४८ चा. बेळगाव आणि चंदगड दोघांना तोच लागू होता. म्हैसूरने १९६१ मध्ये आपला वेगळा केला. म्हणजे रस्ता एकच राहिला आणि रस्त्याच्या दोन टोकांना दोन कायदे आले.

त्याआधीचा मोठा धडा बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या जीवघेण्या साथीचा. म्हाताऱ्या माणसांना हे नाव अजून आठवतं, तरुणांना फक्त शिवी म्हणून ठाऊक. तिच्याविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली, भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा आणि २०११ मध्ये जगातूनच ती संपल्याचं जाहीर झालं. ती संपली मुख्यतः लसीने. नाक्यांचा वाटा होता, पण नाका एकटा पुरला नसता. २०२२ च्या चर्चेत ही गोष्ट फारशी कुणी काढली नाही.

आता ज्या शब्दाने सगळा घोळ घातला त्याकडे येऊ : 'नियंत्रित क्षेत्र'. २००९ च्या केंद्रीय कायद्याने राज्याराज्यांच्या जुन्या कायद्यांची जागा घेतली आणि क्षेत्रांचे तीन प्रकार केले. नियंत्रित क्षेत्र म्हणजे जिथे एखाद्या रोगाची लस सक्तीची करायची आणि जनावरांची ये-जा अटीवर ठेवायची असा भाग. तिथे रोग असेलच असं नाही. रोग प्रत्यक्ष असलेल्या ठिकाणासाठी 'बाधित क्षेत्र' ही वेगळी घोषणा आहे. आणि 'रोगमुक्त' ठरतं तेही आधी नियंत्रित जाहीर झालेलंच क्षेत्र. कागदावर हे नीट आहे. पण मराठीत 'परिस्थिती नियंत्रणात आहे' याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी सापडली आणि सप्टेंबरात अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला, तेव्हा सीमेवर त्या एका आदेशाचे दोन अर्थ निघाले. इकडच्या, बेळगावच्या बाजूच्या गोठ्यांत लोक म्हणाले, सगळ्या महाराष्ट्रात रोग पसरला, तिकडचं जनावर नको. हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, म्हणाले, सरकारच सांगतंय आटोक्यात आहे, मग बाजार का बंद? दोघेही चुकत होते, आणि दोघांनाही समजावून सांगणारा माणूस नाक्यावर नव्हता. तोवर हावेरी, धारवाड, बेळगाव या कर्नाटकातल्या जिल्ह्यांतही लंपी पोचली होती, त्यामुळे कोण कुणाला अडवतंय हेही कळेनासं झालं.

शब्दाचा हा गोंधळ महाग पडला, कारण त्याच कायद्यात एक वाट मोकळी ठेवलेली आहे. रीतसर लस टोचलेली असेल आणि तसा दाखला जवळ असेल, तर नियंत्रित क्षेत्रातूनही जनावर नेता-आणता येतं. सरसकट बंदीच्या ओरड्यात ही सवलत मागे पडली. बंदीच्या बाजूने जे बोलत होते त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता : रोग अंगात भिनलेलं जनावर बरेच दिवस धडधाकट दिसतं, आणि दहा गावांची गुरं एका दोरीने बांधायची जागा म्हणजे बाजार. पण लंपी पसरवतात माश्या, डास आणि गोचीड. दहा किलोमीटरवरच्या गोठ्यातून चालत आलेली गाय आणि शेकडो किलोमीटर ट्रकमधून आलेली गाय यांना एकच माप लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला कर्नाटकाइतकीच सांगली-कोल्हापूरची खिलारं येतात. त्या दावणीत रेघ कुठे मारायची?

त्यात २०२० च्या कर्नाटकातल्या गोहत्याबंदी कायद्याची भर. गाडी अडली की ती रोगासाठी अडली की कत्तलीच्या संशयावरून, हे गाडीवाल्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

२०१९ पासून लाळ्या-खुरकुतीच्या राष्ट्रीय मोहिमेत जनावरांच्या कानाला बारा आकडी पिवळा बिल्ला लागू लागला. तो देशभर एकाच पद्धतीचा. दाखला मात्र ज्या त्या राज्याच्या भाषेत. २०२२ च्या पावसाळ्याअखेर सीमेवरच्या शिनोळीजवळ मी पाहिलेला टेम्पो बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला होता. गाय गाभण, दाखला कन्नडमध्ये. नाक्यावरच्या पोलिसाने कागद उलटसुलट केला आणि मालकालाच म्हणाला, "वाचा बघू मामा." मामा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. "मला कुठलं कानडी वाचाय येतंय साहेब," म्हणाले. कागदावर दोघांना कळण्यासारखे फक्त आकडे होते. मामांनी गाईचा कान धरला, बिल्ल्यावरचं वाळलेलं शेण अंगठ्याने खरवडलं आणि एकेक आकडा मोठ्याने सांगू लागले. पोलीस कागदावर बोट ठेवून जुळवत होता. आठव्या आकड्यावर गाईने कान झटकला आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं.