चिंचोक्याची खळ ते फेव्हिकॉल: खाडीकाठच्या मिश्र माध्यमाची पार्श्वभूमी

मिश्र माध्यमाचा, म्हणजे रंगाच्या जोडीला कागद, कापड, माती, वस्तू एकाच चित्रात आणण्याचा, इतिहास सांगायचा म्हटलं की सुरुवात पॅरिसपासून होते. १९१२ साली पाब्लो पिकासोने एका लंबगोल कॅनव्हासवर वेताच्या विणीची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटवला आणि चित्राच्या कडेने खराखुरा दोर बसवला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनात घेतला. पुढे जर्मनीत कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटं, वेष्टनं आणि मोडक्या फळ्या चित्रात आणल्या. पन्नासच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट राऊशेनबर्गने चित्र आणि वस्तू यांच्यातली सीमाच पुसून टाकली. कलाशाळेत हे शिकवतात आणि त्यात चूक काहीच नाही.

पण ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, बेलापूर या ठाणे खाडीकाठच्या पट्ट्यात आज जे कलाकार माती, कापड, कागद आणि पत्रा एकत्र करून काम करतात, त्यांची मुळं शोधायला एवढा इतिहास पुरत नाही. मला वाटतं, आपल्याकडची गोष्ट समजून घ्यायची तर चिकटवलेल्या वस्तूंच्या आधी त्यांना धरून ठेवणाऱ्या पदार्थाकडे बघावं. डिंक, खळ, शेण, सरस, फेव्हिकॉल. हा धागा धरला की एकमेकांपासून लांबची वाटणारी माणसं आणि गावं एका ओळीत येतात.

पहिलं नाव तंजावरचं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं आणि सरफोजी दुसरे यांच्या काळात तंजावर शैलीला मोठा आश्रय मिळाला. हे चित्र नुसत्या रंगाचं नसतं. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप. देवाचे दागिने, महिरप आणि खांब त्याच लेपाने उठावदार करायचे, त्यात काचा आणि खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख. हे सगळं जागच्या जागी ठेवायला डिंक किंवा चिंचोक्याची खळ. मराठी दरबारात वाढलेली ही पद्धत म्हणजे पूर्ण अर्थाने मिश्र माध्यम आहे. फक्त आपण तिच्याकडे देवघरातली वस्तू म्हणून बघतो.

तीच खळ दुसऱ्या टोकालाही सापडते. सणगर घोंगडी विणतात तेव्हा लोकरीला ताठपणा यावा म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ देतात. पुस्तकं बांधणारे मैद्याची खळ करत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात थोडं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. १८९४ साली सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला रविवर्मांचा छापखाना घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पोचवत होता. त्यांतल्या कित्येक तसबिरींवर पुढे घरातल्याच कोणीतरी खऱ्या कापडाची साडी चिकटवली, जरीची किनार लावली, टिकल्या आणि मणी बसवले. काचेआडच्या त्या लक्ष्मीच्या पदराला बोटभर जाडी असायची. छापील चित्रावर कापड आणि चमकी चढवणाऱ्या त्या हातांची नोंद कुठल्याही कलेच्या इतिहासात नाही, आणि ती असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. त्याआधी डहाणू, तलासरी आणि जव्हार हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. वारली लग्नाचा चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र, तिथल्या घराच्या भिंतीवर लिहिला जायचा. भिंत कुडाची: कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती आणि शेणाचा गिलावा, वर गेरूचा किंवा शेणाचा हात. त्यावर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवी काढतात, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. चित्राची भिंत आणि चित्राचा रंग दोन्ही शेतातून आणि गोठ्यातून आलेले.

या भिंतीवरचं चित्र कागदावर यायला भास्कर कुलकर्णी कारणीभूत झाले. ते विणकर सेवा केंद्रात काम करणारे चित्रकार. बिहारमधल्या १९६६-६७ च्या दुष्काळात हातमाग आणि हस्तकलांचं काम बघणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं आणि तिथे भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर आले. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद आला तो याच काळात. बायकांच्या लग्नविधीतलं चित्र एक पुरुष रोज, विधीशिवाय, स्वतःच्या ओढीने काढू लागला. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. संग्रहांमध्ये त्यांच्या कामांखाली माध्यम म्हणून काय लिहिलेलं असतं ते बघा: कापडावर शेण आणि अ‍ॅक्रिलिक. कुडाची भिंत गुंडाळी करून नेता येईल अशी झाली, इतकाच काय तो फरक.

त्याच विणकर सेवा केंद्राच्या वाराणसीच्या शाखेत १९६१ ते १९६५ या काळात चित्रकार प्रभाकर बरवे होते. मूळ अलिबागजवळच्या नागावचे. वाराणसीत त्यांना तांत्रिक साधनेतल्या आकृत्या भेटल्या, आणि पुढे मुंबईत त्यांनी एनॅमल रंग, म्हणजे दारं-खिडक्यांना देतो तो चकचकीत रंग, कॅनव्हासवर वापरला. कापड विणणाऱ्यांसाठी काढलेल्या एका सरकारी केंद्रातून आपल्या आधुनिक चित्रकलेला आणि लोककलेला एकाच वेळी वाट फुटली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे आणि तिचं ऋण मोठं आहे, पण मिश्र माध्यमाच्या बाबतीत विणकर केंद्राचं ऋण मी आधी मोजेन.

आणि मग १९७५. राऊशेनबर्ग अहमदाबादला आला आणि गांधी आश्रमाच्या हातकागदाच्या कारखान्यात काम करू लागला. तिथे त्याने एक चिखल तयार करवून घेतला: कागदाचा लगदा, मेथीची पूड, वाटलेले चिंचोके, खडूची भुकटी, डिंकाची पूड आणि मोरचूद. या लगद्यात बांबू आणि दोर बसवून त्याने कामं केली. जिन्नसांची ही यादी वाचताना तंजावरची फळी, सणगराचा माग, पुस्तक बांधणाऱ्याची वाटी आणि कुडाची भिंत ओळीने डोळ्यांपुढे येतात. पॅरिसहून निघालेली परंपरा आपल्याकडे आली, असं आपण म्हणतो. अहमदाबादेत ती आपली खळ मागत आली होती.

रोजच्या वस्तू चित्रात आणणाऱ्या चित्रकारांत भूपेन खक्कर यांच्याबद्दल थोडक्यात सांगायला हवं. १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांनी मांडलेल्या कामांत देवांच्या छापील तसबिरी कापून चिकटवलेल्या होत्या. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी २००१ च्या सुमारास दुकानाची लोखंडी शटर रंगवली. शटर वर केलं की आत दुसरं चित्र. घाटकोपर ते ठाणे लोकलने काही स्टेशनांचं अंतर, त्यामुळे आपल्या भागातल्या तरुण चित्रकारांना ते शटर फार जवळचं वाटलं. रोज बघत असलेली वस्तू चित्र होऊ शकते, हे त्यांना तिथे दिसलं.

१९५९ साली फेव्हिकॉल आलं. त्याआधी सुतार सरस वापरत, आणि तो दर वेळी गरम करावा लागे. थंड, पांढरं, डब्यातून थेट लावता येणारं हे चिकट द्रव्य चित्रकारांच्या खोलीत कधी शिरलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आज मिश्र माध्यमाची अशी खोली सापडणं कठीण जिथे त्याची बादली नाही. दांडेकरांच्या कॅम्लिनने १९३१ साली शाईपासून सुरुवात केली आणि पुढे मराठी घरांत रंगपेटी पोचवली. ही दोन उत्पादनं नसती तर परदेशी सामान परवडेल त्यालाच हे काम करता आलं असतं.

इथवर पद्धतीचं झालं. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कलाकाराला सामान मिळालं ते मात्र जमिनीच्या उलथापालथीतून. ठाण्यात रेल्वे आली १८५३ मध्ये. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने उभे राहिले साठच्या दशकात. १९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईचा आराखडा पडला. भातशेती, मिठागरं आणि कोळीवाडे यांच्या जागी सेक्टर आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आंदोलन झालं, त्यात पाच जण गोळीबारात गेले. पारसिकच्या डोंगराला खाणी लागल्या. पुढे कारखानेही एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात राहून हे सगळं तैलरंगात आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये मांडलं. रेडिओलॉजिस्टचा व्यवसाय सांभाळून त्यांनी इथले कामगार, चाळी, टेकड्या आणि रेल्वेचे पूल रंगवले. त्यांचं माध्यम मिश्र नाही, पण ठाणं हा चित्राचा विषय होऊ शकतो ही खात्री पुढच्या पिढीला त्यांच्यामुळे मिळाली. बेलापूरची, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात रचलेली वसाहत तर आर्टिस्ट व्हिलेज म्हणूनच ओळखली जाते. प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. आज तिथल्या बहुतेक मूळ घरांवर मजले चढलेत. त्या कौलारू घरांचा तुकडा-तुकड्याने वाढण्याचा विचार मला मिश्र माध्यमाच्या जवळचा वाटतो.

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या एका चित्रकार मैत्रिणीच्या कामात हे सगळं एकत्र आलेलं दिसतं. तिचं आजोळ याच पट्ट्यातलं, आगरी घर, मिठागरात राबलेलं. ती कॅनव्हास वापरत नाही, कारण खडीच्या चुऱ्याच्या वजनाने तो पोटात झुकतो. प्लायच्या फळीवर काम करते. आधी पाण्याने पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात, मग त्यात खडूची भुकटी घालून दुसरा. तो वाळला की खाणीवरून आणलेला चुरा जुन्या सुती साडीतून गाळून घेते आणि तो अ‍ॅक्रिलिक मीडियमात, म्हणजे रंग नसलेल्या चिकट द्रवात, कालवून पत्र्याच्या पट्टीने पसरते. ओला असतानाच त्यात दिवाळे बंदरावरून मिळालेल्या फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा दाबते आणि लेप अर्धवट सुकला की जाळं उचलून घेते. जाळं चित्रात राहत नाही. त्याची गाठ न् गाठ दगडाच्या चुऱ्यात उमटलेली राहते.

वर सातबारा. आजोळच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्याची झेरॉक्स ती ओल्या मीडियमावर पालथी चिकटवते. एक रात्र वाळू दिली की ओल्या बोटाने मागचा कागद हळूहळू चोळून काढायचा. झेरॉक्सची काळी पूड पाण्याने पसरत नाही, त्यामुळे कागद जातो आणि अक्षरं फळीवर राहतात, मात्र उलटी. घराच्या इंकजेट प्रिंटरवर छापलं तर सगळं निळसर होऊन वाहून जातं. आरशातली प्रत काढून अक्षरं सुलटी करता येतात, पण ती करत नाही. गट नंबर, क्षेत्र, पिकाचा रकाना हे सगळं दिसतं, वाचायला मात्र थांबावं लागतं. आणि थांबल्यावर कळतं की पिकाच्या रकान्यात भात आहे. त्या जागेवर आता रस्ता आहे.

प्रेरणा कुठून मिळते, असा प्रश्न अशा कलाकारांना नेहमी विचारला जातो. तिच्याकडे बघून वाटतं की प्रेरणा ही या कामात सामान गोळा करतानाच मिळते. निळी ताडपत्री, एपीएमसीच्या घाऊक बाजारातली गोणपाटं, इमारत पाडल्यावर निघालेला रंगाचा पोपडा, पत्र्याचा गंज. यांतली कुठलीही गोष्ट ती चित्र सुचल्यावर शोधायला जात नाही. आधी वस्तू घरात येते, कित्येक महिने पडून राहते, मग एक दिवस दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवली जाते.

या पद्धतीचा खरा शत्रू आपला पावसाळा. खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर फेव्हिकॉल नीट सुकत नाही. सुकलेलंही ओलीने पुन्हा मऊ पडतं आणि पांढुरकं दिसू लागतं. कागद फुगतो. वर्तमानपत्राचा कागद तर कोरड्या हवेतही पिवळा पडतो, कारण त्यातलं लाकडाचं द्रव्य काढलेलं नसतं. गंज थांबत नाही, पत्र्याशी लागलेलं कापड तो वर्षानुवर्षं खात राहतो. तैलरंगाच्या थरावर अ‍ॅक्रिलिक दिलं तर पोपडे निघतात, उलट क्रम चालतो. जुन्यांचं मोरचूद कसर दूर ठेवायचं हे खरं, पण त्यातलं तांबं कालांतराने कागदच ठिसूळ करतं, म्हणून जतन करणारे आता ते टाळायला सांगतात. मैद्याच्या खळीचा मात्र एक गुण फेव्हिकॉलला नाही: ती पाण्याने सुटते. शंभर वर्षांपूर्वीची तसबीर दुरुस्त करता येते ती त्यामुळेच. आज चिकटवलेलं उद्या कोणालाच सोडवता येणार नसेल, तर त्या कामाचं आयुष्य त्याच्या सगळ्यांत कच्च्या तुकड्याएवढंच.

म्हणून मैत्रीण पावसाळ्यात फक्त कापणं, निवडणं आणि झेरॉक्स काढणं एवढंच करते, लेप चढतात दसऱ्यानंतर. कागद आणि कापड ती आता पुन्हा खळीने चिकटवू लागली आहे, चुऱ्यासाठीच तेवढं अ‍ॅक्रिलिक ठेवलंय. आणि प्रत्येक फळीच्या पाठीमागे पेन्सिलने सगळं लिहिते: चुरा कुठल्या खाणीचा, मीडियमचं प्रमाण किती, जाळं कुठून आणलं, कुठला थर कुठल्या महिन्यात दिला. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हा मजकूर चित्राशेजारी लावावा असं माझं सांगणं आहे. बघणाऱ्याला तो हवा असतो, आणि पुढे कधी दुरुस्ती करायची वेळ आली तर करणाऱ्याला तोच उपयोगी पडणार आहे.